बाद झालेली पुस्तकं कुणाच्या दारात टाकायची?

पोस्ट लांब आहे. ग्रंथालयाशी ज्यांचा कधी ना कधी संबंध आला असेल त्यांनी सवडीने वाचावी. बाकीच्यांनी पुढे गेलात तरी राग नाही.

मागच्या महिन्यात जुना पंखा विकायला डहाणूतल्या एका भंगारवाल्याकडे गेलो होतो. काट्याशेजारी पुस्तकांची दोन पोती टेकवून ठेवलेली. एकाचं तोंड उघडं होतं. चाळीस वर्षं शाळामास्तरकी केलेल्या माणसाचा हात अशा वेळी आपोआप पुढे जातो. एक पुस्तक उचललं, पान उलटलं, तर आमच्याच ग्रंथालयाचा गोल शिक्का! दाखल क्रमांक आमच्या आधीच्या ग्रंथपालांच्या वळणदार अक्षरात. दुकानदार म्हणाला, "गुरुजी, तुमचंच आहे ना? पाहिजे तर घेऊन जा. किलोने घेतलंय, किलोने देतो."

क्षणभर डोकं फिरलं. कुणी विकली ही पुस्तकं? कुणाला विचारून? स्कूटरपर्यंत जाईस्तोवर आठवलं, की मलाच विचारून. बाद करायच्या यादीवर कार्यकारी मंडळाच्या ज्या तीन सह्या होत्या, त्यातली एक माझी होती.

मी डहाणू तालुक्यातल्या एका लहान, शासनमान्य, ड वर्गाच्या ग्रंथालयाच्या मंडळावर आहे. नाव सांगत नाही, कारण प्रश्न एका ग्रंथालयाचा नाही. झालं असं, की पावसाळ्यात मागची भिंत झिरपली. समुद्रकाठची दमट, खारी हवा, त्यात वाळवी आणि कसर. दोन कपाटं रिकामी करणं भाग होतं. त्यातच नव्या पुस्तकांचे खोके येऊन पडलेले, तपासणी जवळ आलेली. ग्रंथपालाने बिचाऱ्याने चारशे-साडेचारशे पुस्तकांची यादी केली, बैठकीत ठेवली. शेरे ठरलेले : जीर्ण, पाने सुटलेली, वाचकांची मागणी नाही. चहा आला, आम्ही सह्या केल्या. पुस्तकं कोणती हे आम्हा तिघांपैकी एकानेही बघितलं नाही. मीही नाही.

घरी येऊन यादीची प्रत काढली आणि पहिल्यांदा नीट वाचली. मध्यावर एक नोंद होती : वारली लग्नगीते, हस्तलिखितावरून, मुखपृष्ठ नाही, जीर्ण, किंमत – भेट.

ती वही मला माहीत होती. एका प्राथमिक शिक्षकाने पाड्यापाड्यावर फिरून धवलेरींच्या तोंडून ऐकलेली लग्नातली गाणी उतरवून घेतली होती आणि सायक्लोस्टाइलवर थोड्या प्रती काढून वाटल्या होत्या. ते गुरुजी गेले, त्यांना गाणी सांगणाऱ्या धवलेरीही बहुतेक गेल्या असतील. दुसऱ्या दिवशी सकाळीच भंगारवाल्याकडे पोचलो. दोन्ही पोती ओतून शोधलं. वही नाही. "पहिला माल गेला ना वापीला," तो म्हणाला. वापीत कागदाचे कारखाने आहेत. म्हणजे त्या गाण्यांचा आता कुठल्या तरी खोक्याचा पुठ्ठा झाला असेल.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाहीये. म्हणून लिहितोय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर कमेंटमध्ये "पुस्तक म्हणजे साक्षात सरस्वती, ती रद्दीत कशी घालता" अशी रांग लागेल. ग्रंथालयाने पुस्तकं बाद करू नयेत असं माझं म्हणणं अजिबात नाही. उलट, करायलाच हवीत आणि दरवर्षी करायला हवीत. पायाला लागलं तर नमस्कार करायचे संस्कार माझ्यावरही आहेत. पण देव्हाऱ्यातला निर्माल्याचा ढीग कुणी वर्षानुवर्षं ठेवत नाही. आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली. त्यातलं पहिलं सूत्र पुस्तकं वापरासाठी असतात असं सांगतं आणि पाचवं ग्रंथालय ही वाढणारी संस्था आहे असं सांगतं. दरवर्षी १२ ऑगस्टला आपण त्यांच्या फोटोला हार घालतो, आणि त्यांच्यामागे जे कपाट असतं त्याची किल्ली कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. वाढणाऱ्या अंगाला जुने कपडे उतरवावे लागतात, हे आपण विसरतो.

मग न वाचली जाणारी पुस्तकं आपण का साठवतो? त्याची तीन कारणं मला दिसतात.

पहिलं, आकडा. १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आला, त्याखाली अनुदानाचे नियम आले, ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळाले. वर्ग ठरवताना इतर गोष्टींबरोबर ग्रंथसंख्या मोजली जाते. म्हणजे फाटकं असो, न उघडलेलं असो, रजिस्टरवर आहे तोवर ते पुस्तक ग्रंथालयाला 'उभं' ठेवतं. ते काढलं तर संख्या घटेल, वर्ग जाईल, अनुदान जाईल ही भीती. २०१२ साली राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी झाली, तेव्हापासून तर ही भीती हाडात गेली आहे. कागदावरच्या ग्रंथालयांना चाप बसायलाच हवा होता. पण तेव्हापासून खरी ग्रंथालयंसुद्धा वाचकापेक्षा मोजणाऱ्या साहेबाकडे जास्त बघायला लागली.

दुसरं, वसुलीची धास्ती. पुस्तक हरवलं तर माझ्या पगारातून कापतील, या विचाराने ग्रंथपाल कपाटाला कुलूप लावतो. त्याला मिळणारं मानधन बघितलं तर त्याला दोष द्यायला जीभ रेटत नाही. गंमत अशी, की केंद्र सरकारच्या स्वतःच्या कार्यालयांसाठी जे सर्वसाधारण वित्तीय नियम आहेत (२०१७ चे), त्यात वर्षभरात वाचायला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ होणं स्वाभाविक धरलं आहे, अट एवढीच की त्यामागे लबाडी किंवा निष्काळजीपणा नसावा. दिल्लीतल्या साहेबाला जी सवलत आहे ती आमच्या गावच्या ग्रंथपालाच्या मनापर्यंत पोचलेलीच नाही.

तिसरं कारण म्हणजे आपला भिडस्तपणा. कुणाचे वडील वारतात, मुलं मुंबईत असतात, घर रिकामं करायचं असतं. चार पोती पुस्तकं 'बाबांच्या स्मरणार्थ' ग्रंथालयात येतात. नाही कसं म्हणायचं? त्यात पंचवीस वर्षांपूर्वीचे दिवाळी अंक, बँक परीक्षांची गाईडं, आयकराचे जुने तक्ते. सगळं दाखल होतं. आकडा वाढला म्हणून मंडळही खूश.

आता म्हणाल, राहू दे की जुनी पुस्तकं, कुणाचं काय खातात? खातात. सांगतो.

तलासरी तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मी अधूनमधून जातो. तिथे एका खोलीत 'वाचनालय' आहे. बहुतेक पुस्तकं दान आलेली. सातवीतली एक मुलगी सामान्यज्ञानाचं पुस्तक घेऊन आली आणि म्हणाली, "सर, आपला जिल्हा ठाणे का?" पुस्तकात लिहिलेलं, ठाणे जिल्ह्यात तालुके पंधरा, महाराष्ट्रात जिल्हे ३५. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी, राज्यातला ३६ वा. पंधरापैकी आठ तालुके त्यात आले, तलासरी आणि डहाणूसुद्धा. म्हणजे त्या पोरीच्या हातात जे पुस्तक होतं, त्यात तिचा स्वतःचा जिल्हाच नव्हता. आणि ती पुस्तकावर विश्वास ठेवून माझ्यावर शंका घेत होती. बरोबरच आहे, आम्हीच शिकवलं ना, पुस्तक खोटं बोलत नाही म्हणून.

ही झाली लहान गोष्ट. याच आश्रमशाळेत आणि आमच्या ग्रंथालयातही कायद्याची जुनी पुस्तकं आहेत. १९८०-९० च्या सुमाराची 'सर्वांसाठी कायदा' छापाची. त्यात १९९६ चा पेसा नाही. २००६ चा वनहक्क कायदा नाही. भारतीय दंड संहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तीही नाही. तलासरीत दहातली जवळजवळ नऊ माणसं आदिवासी आहेत. वनपट्टा हा इथल्या घराघरातला विषय आहे. दावा फेटाळला गेलेला एखादा शिकलेला पोरगा ग्रंथालयात येऊन विचारतो, "सर, जंगलजमिनीवरचं काही आहे का?" आणि आपण त्याला असं पुस्तक देतो, ज्याच्या लेखी तो आपल्याच जमिनीवर अतिक्रमण करणारा आहे. हे पुस्तक निरुपद्रवी म्हणायचं का? औषधांची जुनी पुस्तकं, शेतीत आता बंदी असलेल्या फवारण्या सुचवणारी पुस्तकं यांचंही तेच. अशा पुस्तकाची एखादी प्रत अभ्यासकासाठी मोठ्या ग्रंथालयात जरूर असावी. गावातल्या फळीवर 'माहितीचं पुस्तक' म्हणून असू नये.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. नको असलेल्या पुस्तकांचं काय करायचं, याचं आपल्या समाजाला सापडलेलं सगळ्यात सोपं उत्तर म्हणजे : आदिवासी भागात देऊन टाका.

चर्चगेटची लोकल एप्रिल २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत येते. तिच्याबरोबर अनेक चांगल्या गोष्टी आल्या, आणि दानाची पोतीही आली. हायवेने तर टेम्पोच येतात. ग्रंथालयाने, सोसायटीने, शाळेने काढून टाकलेली पुस्तकं 'दुर्गम पाड्यांवरील मुलांसाठी' म्हणून येतात. फोटो निघतात. मुलांना ओळीत उभं करतात, प्रत्येकाच्या हातात एक पुस्तक देतात. टेम्पो गेला की मी बघतो, कुणाच्या हातात काय आलं. इंग्रजी मॅनेजमेंटचं पुस्तक. कुठल्या तरी कंपनीचा वार्षिक अहवाल. अर्धा सोडवलेला आठवीचा व्यवसाय, त्यात दुसऱ्याच मुलाची उत्तरं. सात खंडांच्या कोशाचा फक्त तिसरा खंड. जे पुस्तक दात्याने स्वतःच्या नातवाला दिलं नसतं, ते तलासरीच्या पोराला दिलं आणि वर त्याच्याकडून "धन्यवाद" म्हणवून घेतलं.

रद्दीवाला निदान किलोमागे पैसे देतो. इथे आपण आपली रद्दी दुसऱ्याच्या दारात टाकतो आणि पुण्यही पदरात पाडून घेतो. त्या आश्रमशाळेतल्या शिक्षकाला ती फेकताही येत नाहीत, कारण दाता पुन्हा येऊन विचारील. मग तिथेही एक कपाट बंद होतं. पोराच्या डोक्यात कायमचं बसतं, की पुस्तक म्हणजे न समजणारी, धुळकट, परक्याची वस्तू. वाचनाची गोडी लावायची म्हणून आपण नेमकं उलट करून बसतो.

सगळे असे नसतात, हेही लिहायला हवं. नवी, रंगीत, निवडून आणलेली पुस्तकं घेऊन येणारी माणसं मी पाहिली आहेत. येण्याआधी फोन करून "किती मुलं, कोणती इयत्ता, घरी कोणती भाषा बोलतात" असं विचारणारी. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमात पुस्तकांच्या पेट्या फिरतात, वाचून झाली की पेटी बदलते. डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीने पुस्तकांचं आदान-प्रदान घडवून आणलं, आपलं द्या आणि दुसऱ्याचं न्या. या दोन्हींत पुस्तक घेणारा निवड करतो. दान आणि डंपिंग यातला फरक एवढाच आहे, निवड कोण करतो.

आता माझ्या त्या वहीकडे परत येतो.

आपल्या देशात १९५४ चा एक कायदा आहे. प्रकाशकाने छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीतल्या ठरवून दिलेल्या ग्रंथालयांना पाठवायची. सगळे प्रकाशक पाळत नाहीत ही गोष्ट वेगळी, पण कल्पना चांगली आहे. म्हणजे एखादी गाजलेली कादंबरी आमच्या ग्रंथालयातून बाद झाली तर जगातून नाहीशी होत नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, मुंबईचं १८९८ पासून. जपून ठेवायचं काम त्यांचं. आमच्यासारख्या दोन खोल्यांच्या ग्रंथालयाने आशियाई सोसायटी व्हायला जाऊ नये.

पण सायक्लोस्टाइलवर काढलेली वही यातल्या कुठेच जात नाही. शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, सहकारी सोसायटीचा अहवाल, मोर्चाचं पत्रक, चिकूच्या बागायतदारांनी काढलेली माहितीपुस्तिका, बोलीतली गाणी. हे सगळं फक्त इथे छापलं गेलं आणि फक्त इथेच उरलं. आणि बाद करायच्या यादीत सगळ्यात आधी हेच जातं! पाठीवर नाव नसतं, मुखपृष्ठ नसतं, पिना गंजलेल्या असतात, वर्षात एकही वाचक मागत नाही. 'जीर्ण, मागणी नाही' या दोन शेऱ्यांत ते अगदी बरोबर बसतं. जे जगात हजार ठिकाणी आहे ते बाइंडिंग मजबूत म्हणून राहतं, आणि जे फक्त आपल्याकडे आहे ते पातळ म्हणून जातं.

आपला भाग काही सामान्य नाही हो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. अंगणवाडी, कुरणशाळा हे शब्द इथल्या मातीतून देशभर गेले. त्याच १९४५ मध्ये झरी गावात वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले, तेव्हा झरी उंबरगाव तालुक्यात होतं. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक १९७० साली आलं, त्याला साहित्य अकादमी मिळाली, ते सहज मिळतं. पण त्या लढ्यातली पत्रकं, हातांनी लिहिलेल्या सभांच्या नोंदी? गंजाडचे जिव्या सोमा मशे २०११ साली पद्मश्री झाले, त्यांच्या चित्रांवरची जाडजूड पुस्तकं परदेशात छापली गेली. त्या चित्रातल्या लग्नचौकाभोवती जी गाणी म्हणतात ती मात्र आम्ही वापीला पाठवली.

हे फक्त भावनेचं नाही, रोजच्या कामाचंही आहे. २० जून १९९१ रोजी केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला, १९९६ साली डहाणूसाठी प्राधिकरण नेमलं गेलं. वाढवण बंदर हवं की नको हा या पोस्टचा विषय नाही, मतं दोन्हीकडे आहेत आणि घरातल्या घरात आहेत. पण तो वाद पेटला तेव्हा दोन्ही बाजूंच्या माणसांना जुनी अधिसूचना, जुने अहवाल, त्या काळातल्या सभांची कात्रणं हवी होती. किती ग्रंथालयांत ती सापडली असती? गावाची आठवण गावातच नसेल तर उद्या कुणीही येऊन सांगेल, "इथे असं कधी नव्हतंच," आणि आपण मान डोलावू.

हे प्रश्न जगात सगळीकडे आले आहेत. अमेरिकेतल्या टेक्सास राज्याच्या ग्रंथालय खात्याने १९७६ साली छोट्या ग्रंथालयांसाठी पुस्तकं कशी बाद करावीत याची पुस्तिका काढली. तिथे दिशाभूल करणारं, फाटकं, नवी आवृत्ती आलेलं, स्थानिक गरजेचं नसलेलं, दुसरीकडे सहज मिळणारं अशा कसोट्या लावतात. सॅन फ्रान्सिस्कोत १९९६ साली नवी इमारत झाली, त्या घाईत हजारो पुस्तकं कचऱ्याच्या भरावात गेली आणि शहरात मोठा गहजब झाला. म्हणजे श्रीमंत देशातसुद्धा घाई आणि गुपचूपपणा नडतो. पुस्तकं बाद करणं हा गुन्हा नाही. कुणाला न सांगता, न बघता बाद करणं हा गुन्हा आहे, आणि तो मी केला आहे.

मग करायचं काय? मला सुचतं ते लिहितो. यातलं बहुतेक काहीच पैसे न लागता होण्यासारखं आहे.

१) यादी दारावर लावा. बाद करायच्या पुस्तकांची यादी महिनाभर ग्रंथालयाच्या दारावर आणि गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. ज्याला वाटेल त्याने येऊन सांगावं, हे ठेवा. आमची यादी ग्रुपवर गेली असती तर त्या गुरुजींच्या घरच्यांनी वही उचलून नेली असती. एवढंच लागत होतं.

२) तीन प्रश्न विचारा. हे पुस्तक आज चुकीचं सांगतंय का? पाच वर्षांत कुणी नेलंय का? दुसरीकडे कुठे मिळतं का? चुकीचं सांगत असेल तर फळीवरून आजच काढा. कुणी नेत नसेल आणि दुसरीकडे मिळत असेल तर बिनधास्त काढा. दुसरीकडे मिळत नसेल तर थांबा, हातात घ्या, वाचा.

३) 'आपला तालुका' हे एक कपाट. त्याला बाद लागू नाही. त्यात डहाणू-तलासरीवरचं, इथल्या माणसांनी लिहिलेलं, इथे छापलेलं, बोलीतलं सगळं. पुस्तक असो की चार पानी पत्रक. कडुनिंबाचा पाला, कोरडी जागा, वर्षातून दोनदा झाडपूस. मोबाइलने प्रत्येक पानाचा फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क असतात, त्यामुळे लोकांसाठी खुलं करण्याआधी घरच्यांना विचारा. आपल्याकडची माणसं नाही म्हणत नाहीत.

४) दान मागणीनेच. आश्रमशाळेला पुस्तक द्यायचं तर आधी यादी पाठवा, त्यांना टिक करू द्या. टिक नाही ते पुस्तक नाही. आणि आपल्याकडे दान घेतानाही तोच नियम : "आम्ही निवडू, उरलेलं परत नेण्याची तयारी असेल तर आणा." एकदा तोंड वाईट होईल, पण कपाट वाचेल.

५) जे खरंच संपलं ते सन्मानाने रद्दीत. पहिल्या पानावर 'बाद' शिक्का, ठरावाची तारीख, रद्दीची पावती, आणि ते पैसे त्याच महिन्यात मुलांच्या पुस्तकांना. कागदाचा पुन्हा कागद होणं यात काही अपमान नाही. वाळवी लागलेलं पुस्तक कुणाला दान करू नका, त्याच्याबरोबर वाळवीही जाते.

६) ही मागणी सरकारकडे आहे. ग्रंथालयाचा वर्ग ठरवताना कपाटात किती आहेत यापेक्षा वर्षभरात किती घरी गेली याला जास्त वजन द्या. आणि रीतसर बाद केलेल्या पुस्तकांमुळे एक-दोन वर्षं संख्या घटली तर वर्ग काढून घेऊ नका. हे झालं तर अर्धी कपाटं आपोआप उघडतील.

काही मित्र म्हणतील, "आता सगळं मोबाइलवर आहे, कशाला हा खटाटोप?" बाबांनो, उधव्याच्या पुढे गेलात की रेंज कुठल्या राज्याची पकडते ते आधी बघा! आणि मोबाइलवर तेच असतं जे कुणी तरी चढवतं. ती वही कुणी चढवली नव्हती.

काही म्हणतील, "गुरुजी, एका वहीसाठी एवढं?" असेलही. पण माझ्या आयुष्यात मी शेकडो पोरांना सांगितलं, की तुमच्या बोलीची लाज बाळगू नका, तीही लिहिता येते. ती लिहिल्याचा एक पुरावा माझ्या ताब्यात होता आणि मी तो न बघता सही करून टाकला. हे मला जड जातंय, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहिलं.

पुढचं सांगतो. पोत्यांतून सापडली त्यातली अकरा पुस्तकं मी किलोच्या भावाने परत घेतली आहेत. पुढच्या बैठकीत यादी दारावर लावण्याचा आणि तालुक्याच्या कपाटाचा ठराव मांडणार आहे. आणि त्या वहीच्या 'थोड्या प्रती' निघाल्या होत्या, म्हणजे कुठे तरी एखादी असू शकते. डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड, उंबरगाव भागात कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या आजोबांच्या ट्रंकेत पिवळी पडलेली, जांभळट शाईची, पिना गंजलेली गाण्यांची वही असेल तर मला कळवा. मला ती नको, फक्त फोटो काढू द्या. तुमची तुमच्याकडेच राहू दे.

आणि तुमच्या गावातल्या ग्रंथालयात या रविवारी एक चक्कर मारा. विचारा, यंदा काय बाद करताय? यादी बघू.